सीपॅप घरी येईपर्यंत आणि त्यानंतर

माझ्या पतींना स्लीप ॲप्निया, म्हणजे झोपेत श्वास अडण्याचा आजार, असल्याचा संशय डॉक्टरांनी व्यक्त केल्यापासून श्वासाचा मार्ग हवेच्या दाबाने उघडा ठेवणारे सीपॅप यंत्र त्यांच्या उशाशी नीट स्थिरावेपर्यंत जो काळ गेला, त्यातला वैद्यकीय भाग फारच थोडा होता. उपचार कोणता करायचा हे डॉक्टरांच्या मनात पहिल्यापासून स्पष्ट होते. बाकी सगळा वेळ विमा कंपनी, यंत्राचा पुरवठादार आणि डॉक्टरांचे कार्यालय या तिघांच्या मध्ये अडकलेली कागदपत्रे सोडवण्यात गेला. आम्ही न्यू जर्सीत राहतो, आणि इथल्या ओळखीच्या मराठी कुटुंबांमधून याच विषयावर विचारणा करणारे फोन मला वरचेवर येऊ लागले आहेत. प्रत्येकाला तेच सगळे पुन्हा सांगण्यापेक्षा एकदा सविस्तर लिहून ठेवावे, असे वाटले. यात मी डॉक्टर म्हणून काही सांगत नाही, कारण मी डॉक्टर नाही. ही व्यवस्था कशी चालते आणि ती नेमकी कुठे अडते, एवढेच मला सांगायचे आहे.

आजाराविषयी थोडक्यात. झोपेत घशाचे स्नायू सैल पडतात, काही जणांमध्ये ते इतके सैल पडतात की श्वासाचा मार्गच मिटतो. श्वास दहा सेकंद किंवा अधिक काळ जवळजवळ पूर्ण थांबला तर त्याला ॲप्निया म्हणतात, आणि तो बराच कमी होऊन रक्तातला प्राणवायू घसरला किंवा झोप चाळवली तर हायपॉप्निया. असे प्रसंग तासाला सरासरी किती घडतात, त्या आकड्याला एएचआय म्हणतात. 5 ते 15 सौम्य, 15 ते 30 मध्यम आणि 30 च्या वर तीव्र अशी ढोबळ विभागणी आहे. सिडनीतील डॉक्टर कॉलिन सुलिव्हन यांनी 1980 मध्ये नाकावाटे हवेचा सतत दाब देऊन हा मार्ग उघडा ठेवता येतो हे दाखवले, 1981 मध्ये त्यांच्या चमूने ते ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध केले, आणि आजचे सीपॅप यंत्र त्याच तत्त्वावर चालते. आमच्याकडे लक्षणे वर्षानुवर्षे समोर होती. रक्तदाबाची गोळी वाढवूनही दाब आटोक्यात येत नव्हता, जेवणानंतरच्या मीटिंगमध्ये ह्यांचे डोळे मिटत असत, आणि रात्री घोरणे मध्येच बंद होऊन खोलीत पूर्ण शांतता पसरली की मी जागी होऊन पुढचा श्वास येण्याची वाट पाहत असे. घोरणे हा आपल्या घरांमधून चेष्टेचा विषय असतो. ती चेष्टा आता मला सहन होत नाही.

पहिला नकार आला तो चाचणीच्या आकड्यावरून. विमा कंपनीच्या नियमाप्रमाणे आधी घरच्या घरी करायची चाचणी झाली. बोटाला लावायचा सेन्सर, नाकाखाली नळी, छातीला पट्टा आणि एक छोटी पेटी असे ते साहित्य असते. अहवालात दोन आकडे होते, एक 11 आणि दुसरा 4.6. डॉक्टरांनी पहिल्यावर बोट ठेवून सौम्य स्लीप ॲप्निया असल्याचे सांगितले. विमा कंपनीने दुसरा आकडा धरून पत्र पाठवले की एएचआय 5 पेक्षा कमी असल्यामुळे वैद्यकीय गरज सिद्ध होत नाही. एकाच रात्रीच्या, एकाच माणसाच्या श्वासाचे दोन आकडे कसे, हे समजून घेतल्याशिवाय पुढे जाता येणार नाही, हे माझ्या तेव्हाच लक्षात आले.

त्याचे उत्तर असे आहे. श्वासाचा प्रवाह 30 टक्क्यांनी किंवा अधिक घटला आणि त्यासोबत प्राणवायूची पातळी 3 टक्क्यांनी घसरली किंवा मेंदू क्षणभर जागा झाला, तर तो हायपॉप्निया मोजावा, अशी अमेरिकन ॲकॅडमी ऑफ स्लीप मेडिसिनची 2012 पासूनची शिफारस आहे. मेडिकेअर, म्हणजे मुख्यतः ज्येष्ठांसाठी असलेली इथली सरकारी विमा योजना, मात्र 4 टक्क्यांची घसरण झाली तरच तो प्रसंग मोजते, मेंदू जागा होण्याला तिच्या हिशेबात जागा नाही, आणि अनेक खाजगी विमा कंपन्या मेडिकेअरचाच नियम उचलतात. ज्यांची फुप्फुसे चांगली आहेत आणि ज्यांचा श्वास अडताच मेंदू लगेच जागा होतो, अशा माणसाचा प्राणवायू फार खाली जातच नाही. त्याची झोप रात्रभर तुटत राहते आणि 4 टक्क्यांच्या नियमात तो निरोगी ठरतो. त्यात घरच्या चाचणीची आणखी एक मर्यादा आहे. त्या साहित्यात मेंदूच्या लहरी बहुधा मोजल्याच जात नाहीत, त्यामुळे माणूस झोपला कधी आणि जागा कधी होता हे पेटीला कळत नाही, आणि प्रसंगांच्या संख्येला झोपेच्या तासांऐवजी नोंदीच्या एकूण तासांनी भागले जाते. दीड-दोन तास कुशी बदलत जागे राहिलेल्या माणसाचा आकडा त्यामुळे आपोआप खाली येतो. पट्टे आणि नळ्या लावून पहिल्या रात्री कोणाला शांत झोप लागते?

डॉक्टरांनी प्रयोगशाळेतील रात्रभराची चाचणी, म्हणजे पॉलिसॉम्नोग्राफी, मागितली. विमा कंपनीने तिलाही पूर्वमंजुरी नाकारली, कारण घरची चाचणी नुकतीच झाली होती. इथे डॉक्टरांनी जे केले ते प्रत्येकाने आपल्या डॉक्टरांकडून करून घ्यावे. त्यांनी विमा कंपनीच्या डॉक्टरांशी थेट फोनवर बोलण्याची मागणी केली. या सोयीला इथे ‘पीअर टू पीअर’ म्हणतात, आणि ती नकाराच्या पत्रात बहुधा तळाशी बारीक अक्षरात दिलेली असते. घरची चाचणी नकारार्थी किंवा अनिर्णित आली आणि लक्षणे ठळक असली तर प्रयोगशाळेतील चाचणी करावी, असे ॲकॅडमीच्या 2017 च्या मार्गदर्शक तत्त्वांत स्पष्ट म्हटले आहे, तेवढे वाक्य त्यांनी त्या बोलण्यात पुढे ठेवले आणि मंजुरी मिळाली. प्रयोगशाळेत मेडिकेअरच्याच कडक नियमाने एएचआय 18 आला. आकडा 15 किंवा त्याहून जास्त आला की लक्षणांचा वेगळा पुरावा मागितला जात नाही. 5 ते 14 मध्ये असेल तर दिवसा येणारी झोप, निद्रानाश, मनःस्थितीतील बिघाड, उच्च रक्तदाब, हृदयविकार किंवा पूर्वी आलेला पक्षाघाताचा झटका यांपैकी काहीतरी डॉक्टरांच्या नोंदीत लिहिलेले असावे लागते. लिहिलेले असावे लागते, हे मी मुद्दाम म्हणते आहे. तपासणीच्या वेळी तुम्ही तोंडी सांगितले आणि नोंदीत उतरले नाही, तर विमा कंपनीच्या दृष्टीने ते घडलेलेच नसते.

निदान झाल्यावर यंत्र दुकानातून विकत आणता येईल, असे भारतातून आलेल्या माणसाला वाटते. इथे ते डॉक्टरांच्या प्रिस्क्रिप्शनशिवाय मिळत नाही, आणि विम्यातून घ्यायचे असेल तर विमा कंपनीच्या यादीतल्या डीएमई पुरवठादाराकडूनच घ्यावे लागते. डीएमई म्हणजे घरी वापरायची टिकाऊ वैद्यकीय साधने, आणि हे पुरवठादार म्हणजे ती पुरवणाऱ्या कंपन्या. व्हीलचेअर, प्राणवायूची यंत्रे, सीपॅप, सगळे त्यांच्यामार्फत येते. यादी लांबलचक दिसते. त्यातल्या कितीतरी क्रमांकांवर फोन केल्यावर कळते की एक कंपनी दुसरीत विलीन झाली आहे, एक सीपॅप देतच नाही, आणि एक नवे रुग्ण घेत नाही.

ज्या पुरवठादाराने होकार दिला त्याच्याकडे आमचे प्रकरण बराच काळ नुसते ‘प्रक्रियेत’ होते. पुरवठादार म्हणे डॉक्टरांकडून कागद आले नाहीत, आणि डॉक्टरांचे कार्यालय म्हणे आम्ही फॅक्स केला आहे. दोघेही खरे बोलत होते. फॅक्स पोहोचला होता, पण प्रिस्क्रिप्शनच्या छापील नमुन्यात यंत्राची गरज किती महिने आहे हा रकाना कोरा राहिला होता, म्हणून तो ‘अपूर्ण’ या शेऱ्याखाली बाजूला ठेवला गेला होता, आणि अपूर्ण कागद आल्याचे डॉक्टरांना कळवण्याचे काम कोणाकडेच नव्हते. त्या रकान्यात 99 लिहिले की त्याचा अर्थ आयुष्यभर असा घेतला जातो, ही इथली रूढ पद्धत आहे. दोन अंकी एका आकड्यासाठी माझा माणूस रात्रीमागून रात्र श्वास अडत झोपत होता. हे कळले तेव्हा मला जो संताप आला, तो अजून पूर्ण गेलेला नाही.

त्यानंतर मी फोनवर विचारायचा प्रश्नच बदलला. ‘आमचे प्रकरण कुठवर आले’ असे विचारले की ‘प्रक्रियेत आहे’ हेच उत्तर येते. ‘आज या घडीला तुमच्या पडद्यावर कोणता कागद अपुरा दिसतो आहे, आणि त्यातला कोणता रकाना’ असे विचारले की समोरच्या माणसाला खरोखर फाइल उघडून पाहावी लागते. तिथे फोन घेणाऱ्या बहुतेक मुली अत्यंत सौजन्याने वागल्या. दोष त्यांचा नाही, त्यांना दिवसाला किती फोन घ्यावे लागतात ते आवाजावरूनच कळत होते. दुसरे म्हणजे डॉक्टरांचे कागद पुरवठादाराला पोहोचवण्याचे काम मी स्वतःकडे घेतले. हिपा या रुग्णांच्या माहितीविषयीच्या इथल्या कायद्यानुसार स्वतःच्या वैद्यकीय नोंदींच्या प्रती मागण्याचा रुग्णाला हक्क आहे, आणि सर्वसाधारणपणे 30 दिवसांच्या आत त्या द्याव्या लागतात. प्रत्यक्षात बहुतेक दवाखान्यांच्या पोर्टलवर त्या लगेच उतरवून घेता येतात. चाचणीआधीच्या तपासणीची नोंद, चाचणीचा संपूर्ण अहवाल आणि सहीचे प्रिस्क्रिप्शन एवढे तीन कागद हाती असले की निम्मी वाट संपते. ह्यांच्या वतीने मला बोलता यावे म्हणून विमा कंपनी आणि पुरवठादार या दोघांकडे ह्यांच्या सहीचे संमतिपत्र आधीच देऊन ठेवले होते. नाहीतर प्रत्येक वेळी ह्यांना कामातून उठवून फोनवर जन्मतारीख सांगायला लावावी लागली असती.

प्रिस्क्रिप्शनबाबत आणखी एक गोष्ट फार थोड्यांना ठाऊक असते. ठरावीक एकाच दाबावर चालणारे साधे सीपॅप आणि श्वासानुसार दाब कमी-जास्त करणारे ऑटो सीपॅप, या दोन्हींचे बिल विमा कंपनीला एकाच सांकेतिक क्रमांकाने जाते, ई0601. पुरवठादाराला दोन्हींचे पैसे सारखेच मिळतात, त्यामुळे प्रिस्क्रिप्शनवर नुसते ‘सीपॅप’ लिहिले असेल तर कोणते यंत्र तुमच्या हाती पडेल हे त्याच्या गोदामावर अवलंबून राहते. आमच्या डॉक्टरांनी आमच्या विनंतीवरून ऑटो यंत्र, दाबाची किमान व कमाल मर्यादा, हवेत ओलावा आणणारा, गरम होणारा ह्युमिडिफायर आणि ‘लिहिल्याप्रमाणेच द्यावे’ अशी टीप हे सगळे लिहून दिले. पुरवठादाराने तरीही आधी साधे यंत्र देऊ केले, मी प्रिस्क्रिप्शनवरची ती टीप वाचून दाखवली, आणि ऑटो यंत्र आले. यात भांडणाचा प्रसंगच आला नाही. कागदावर होते, म्हणून मिळाले.

आता पैशांचे. बहुतेक विमा योजना यंत्र एकदम विकत घेऊन देत नाहीत, ते भाड्याने देतात. मेडिकेअरमध्ये 13 महिन्यांचे भाडे भरून झाले की यंत्र रुग्णाच्या मालकीचे होते, आणि खाजगी कंपन्यांच्या मुदती थोड्याफार वेगळ्या असतात. ज्यांच्या योजनेत डिडक्टिबल, म्हणजे विम्याने पैसे देण्याआधी दरवर्षी स्वतः भरायची रक्कम, मोठे आहे, त्यांना ते भरून होईपर्यंत भाड्याचा पूर्ण बोजा स्वतःच उचलावा लागतो, आणि नवे वर्ष लागले की डिडक्टिबल पुन्हा शून्यापासून सुरू होते. म्हणजे भाडे दोन वर्षांत विभागले गेले तर काही कुटुंबांना विम्याचा जवळजवळ काहीच लाभ होत नाही. याच देशात प्रिस्क्रिप्शन दाखवून रोख पैशांनी चांगले ऑटो यंत्र ऑनलाइन साधारण 800 ते 1000 डॉलरला मिळते, आणि ते पैसे एचएसए या वैद्यकीय खर्चासाठीच्या बचत खात्यातून करमुक्त भरता येतात. म्हणून पुरवठादाराशी करार करण्यापूर्वी महिन्याचे भाडे किती, महिने किती, त्यातले तुमच्या डोक्यावर किती, आणि मास्क व ह्युमिडिफायर यांचे वेगळे किती, हे लेखी मागून रोख किमतीशी ताडून पाहावे. आमच्या योजनेत त्या वर्षाचे डिडक्टिबल इतर खर्चात आधीच भरून झाले होते, म्हणून आम्हाला विम्याचा मार्ग परवडला. माझ्या एका मैत्रिणीला मी रोखीने घ्यायलाच सांगितले आणि तिचे यंत्र त्याच आठवड्यात घरी आले.

विम्याच्या मार्गात एक अट अशी आहे की जिच्याविषयी सहीच्या कागदांत लिहिलेले असते, पण तोंडी कोणी समजावून सांगत नाही. मेडिकेअरच्या नियमानुसार पहिल्या तीन महिन्यांत, सलग 30 दिवसांच्या कोणत्या तरी एका टप्प्यात, 70 टक्के रात्री किमान चार तास यंत्र वापरलेले असले पाहिजे. म्हणजे 30 पैकी 21 रात्री. शिवाय 31 व्या आणि 91 व्या दिवसाच्या दरम्यान डॉक्टरांना भेटून उपचाराचा फायदा होत असल्याची नोंद करून घ्यावी लागते. खाजगी कंपन्याही बहुधा अशीच अट घालतात. यंत्रात मोडेम असतो आणि वापराचे तास रोजच्या रोज पुरवठादाराकडे जातात. अट चुकली तर भाडे बंद होते आणि यंत्र परत मागितले जाऊ शकते. मेडिकेअरमध्ये पुन्हा पात्र ठरण्यासाठी डॉक्टरांची नवी तपासणी आणि प्रयोगशाळेतली नवी चाचणी करावी लागते.

या अटीवर माझा मनापासून आक्षेप आहे. न वापरलेल्या यंत्राचे पैसे विम्याने का द्यावेत, हा प्रश्न रास्त आहे. परंतु या उपचाराचे पहिले काही आठवडे सर्वांत कठीण असतात, आणि नेमके त्याच काळात मोजमाप सुरू होते, तर मदत मात्र कुठेच सापडत नाही. ह्यांना पहिल्यांदा आला तो नाकावर बसणारा मास्क. ह्यांच्या मिशा दाट आहेत. मास्कची वरची कड नाकाच्या हाडावर घट्ट बसे, आणि खालची कड वरच्या ओठावर मिशांवर टेकून राही, तिथून हवा निसटून थेट डोळ्यांकडे जाई. पट्टा आवळला की गालावर वळ उठत, सैल केला की फुरफुर सुरू होई. मध्यरात्री तोंड उघडे पडले की दाबाची सगळी हवा तोंडावाटे बाहेर जाई आणि सकाळी घसा कोरडा ठणठणीत. रोज पहाटे दोनच्या सुमारास मास्क काढून ठेवलेला असे. पुरवठादाराला फोन केला तेव्हा मास्क बदलण्यासाठी भेटीची वेळ मिळाली ती इतकी लांबची की तोवर मोजमापाचा मोठा भाग संपला असता.

मास्क निर्मात्यांपैकी अनेकांची आणि बऱ्याच पुरवठादारांचीही पहिल्या 30 दिवसांत मास्क बदलून देण्याची सोय असते. ती मागितल्याशिवाय कोणी सांगत नाही. डॉक्टरांच्या दवाखान्यातील श्वसनतज्ज्ञाने ह्यांना बसवून, यंत्र चालू ठेवून, झोपलेल्या स्थितीत तीन निरनिराळे मास्क लावून पाहिले. शेवटी नाक आणि तोंड दोन्ही झाकणारा, परंतु नाकाच्या खालून बसणारा मास्क ठरला, आणि त्या प्रकाराचे नाव व माप प्रिस्क्रिप्शनवर लिहूनच पुरवठादाराकडे पाठवले. दाबाची सुरुवात फार खालून होत असल्यामुळे ह्यांना पहिली दहा मिनिटे गुदमरल्यासारखे वाटे, म्हणून किमान दाब थोडा वाढवला. यंत्राचा दाब साधारण 4 ते 20 सेंटिमीटर पाणी या मापात असतो, आणि मोठ्या चणीच्या माणसाला 4 वर हवा अपुरी वाटणे अगदी स्वाभाविक आहे. हे सगळे करायला एका संध्याकाळपेक्षा जास्त वेळ लागला नाही. ते पहिल्या आठवड्यातच, पुरवठादाराच्याच जागेत, का होऊ नये?

ज्यांची मुदत चालू आहे त्यांच्यासाठी एक उपयोगाची गोष्ट सांगते. चार तास सलग असण्याची गरज नसते, एकूण तास मोजले जातात, आणि बाजारात सर्वाधिक दिसणारी यंत्रे एका दिवसाचा हिशेब दुपारी बारापासून दुसऱ्या दुपारी बारापर्यंत धरतात. त्यामुळे दुपारची वामकुक्षीही मास्क लावून केली तर तेवढा वेळ त्या रात्रीच्या हिशेबात जमा होतो. संध्याकाळी बातम्या पाहताना मास्क लावून बसल्याने सवयही लवकर होते. यात फसवणूक काही नाही, यंत्र प्रत्यक्ष वापरलेलेच असते.

यंत्रांचाच तुटवडा असण्याचा काळ आम्ही थोडक्यात चुकवला. फिलिप्सने जून 2021 मध्ये आतल्या आवाजरोधक फोमचे कण आणि वायू श्वासात जाण्याच्या शक्यतेमुळे आपली लाखो यंत्रे परत बोलावली, त्याच सुमारास जगभर इलेक्ट्रॉनिक चिपांची टंचाई होती, आणि नव्या रुग्णांना महिनोन्‌महिने थांबावे लागले. रेसमेड या दुसऱ्या यंत्रनिर्मात्या कंपनीने 2022 मध्ये मोडेम नसलेले, कार्डावर नोंद ठेवणारे यंत्र बाजारात आणले ते यामुळेच. जानेवारी 2024 मध्ये फिलिप्सने अमेरिकेत अशी नवी यंत्रे विकणे थांबवत असल्याचे जाहीर केले. आपल्यापैकी कोणाच्या घरी जुने यंत्र असेल, किंवा कोणी आपुलकीने वापरलेले यंत्र देत असेल, तर त्याचा अनुक्रमांक फिलिप्सने परत बोलावलेल्या यंत्रांच्या यादीत आहे का हे आधी पाहावे.

विमा कंपनीने लेखी नकार दिला तर अपील करण्यासाठी बहुतेक योजनांत 180 दिवस मिळतात. उपचार अजून व्हायचा असेल तर कंपनीने 30 दिवसांत निर्णय द्यावा लागतो. अंतर्गत अपिलातही नकार आला आणि वाद वैद्यकीय गरजेचा असेल, तर 2010 च्या आरोग्य कायद्यानुसार बाहेरच्या तटस्थ तज्ज्ञाकडून फेरतपासणी मागता येते, त्यासाठी अंतिम नकारापासून चार महिने असतात, आणि तो निर्णय कंपनीवर बंधनकारक असतो. एक फरक मात्र आधी समजून घ्यावा. आयटीमधल्या आपल्या अनेक लोकांच्या मोठ्या कंपन्या कर्मचाऱ्यांचा वैद्यकीय खर्च स्वतःच्या पैशातून भागवतात, आणि कार्डावर नाव असलेली विमा कंपनी केवळ कारभार पाहते. अशा योजनांवर राज्याच्या विमा खात्याचा, आमच्याकडे डिपार्टमेंट ऑफ बँकिंग अँड इन्शुरन्सचा, अधिकार चालत नाही. तिथे केंद्राच्या कामगार खात्याकडे जावे लागते. त्याचा एक फायदाही आहे. पैसे शेवटी कंपनीचेच असल्यामुळे एचआर विभागाने शब्द टाकला तर अडलेले प्रकरण हलू शकते. आपली योजना कोणत्या प्रकारची आहे हे एचआरला एका ओळीच्या ईमेलने विचारता येते.

पुण्याला माझ्या धाकट्या दिरांनाही हाच आजार निघाला, तेव्हा तिकडची वाट अगदी निराळी असल्याचे दिसले. ‘वहिनी, इथे अडवायलाच कोणी नाही, कारण पैसे द्यायलाही कोणी नाही,’ असे ते फोनवर म्हणाले ते खरेच आहे. भारतातल्या मेडिक्लेमच्या पॉलिसी मुख्यतः रुग्णालयात दाखल होण्याच्या खर्चाभोवती बांधलेल्या असतात, आणि घरी वापरायच्या सीपॅपचे पैसे त्या सर्वसाधारणपणे देत नाहीत. केंद्र सरकारी कर्मचारी व निवृत्तांना सीजीएचएस या त्यांच्या आरोग्य योजनेतून, आधी मंजुरी घेऊन, ठरावीक मर्यादेपर्यंत प्रतिपूर्ती मिळते, त्यामुळे घरात असे कोणी असेल तर आधी तिथे चौकशी करावी. एक विसंगती मला बोचते. आयआरडीएआय या भारतातल्या विमा नियामक संस्थेने पॉलिसींसाठी ठरवून दिलेल्या प्रमाण शब्दरचनेनुसार बीएमआय (उंचीच्या मानाने वजनाचा आकडा) 35 किंवा अधिक असून तीव्र स्लीप ॲप्निया असेल, आणि इतर अटी पूर्ण होत असतील, तर वजन कमी करण्याची शस्त्रक्रिया वगळता येत नाही. म्हणजे या आजाराचे गांभीर्य त्या कागदावर मान्य आहे. शस्त्रक्रियेच्या मानाने कितीतरी स्वस्त असलेले यंत्र मात्र रुग्णाने स्वतःच्या खिशातून घ्यायचे. दिरांनी आधी महिनाभर भाड्याने यंत्र घेऊन पाहिले आणि मास्क जमल्यावरच विकत घेतले. तिकडे ही सोय चांगली आहे. विकत घेताना अधिकृत विक्रेत्याचे बिल, भारतातली वॉरंटी आणि मास्कच्या गाद्या, म्हणजे चेहऱ्याला टेकणारे मऊ भाग, तिथे मिळतात की नाही हे पाहून घ्यावे. अमेरिकेतून यंत्र पाठवण्याचा मोह मी टाळला, कारण ते 100 ते 240 व्होल्टवर चालले तरी बिघडल्यावर दाद कोणाकडे मागणार?

प्रवासात मात्र आमचे यंत्र आमच्यासोबत पुण्याला येते. अमेरिकेला येणाऱ्या-जाणाऱ्या विमानांत असे वैद्यकीय साधन हातातल्या सामानाच्या मर्यादेत धरायचे नाही, असा इथल्या वाहतूक खात्याचा नियम आहे. तरी प्रिस्क्रिप्शनची प्रत बॅगेच्या बाहेरच्या कप्प्यात ठेवलेली बरी.

सध्या ह्यांची नोकरी बदलली आहे, म्हणजे विमाही बदलला आहे, आणि नव्या कंपनीने मास्कच्या गाद्या आणि फिल्टर देण्यापूर्वी निदानाचा पुरावा पुन्हा मागितला आहे. या वेळी प्रयोगशाळेचा संपूर्ण अहवाल, पहिल्या तीन महिन्यांच्या वापराचा यंत्रातून काढलेला तक्ता, डॉक्टरांच्या त्या भेटीची नोंद आणि यंत्र आमच्या मालकीचे झाल्याचे जुन्या पुरवठादाराचे पत्र, हे सगळे एकाच पीडीएफमध्ये जोडून मी पहिल्याच ईमेलला पाठवले आहे. नव्या पुरवठादाराकडून कागद पूर्ण असल्याचे उत्तर आले आहे, आणि दर तीन महिन्यांनी न विचारता सामान पाठवून बिल लावू नये, आम्ही कळवल्यावरच पाठवावे, अशी नोंदही त्यांच्याकडून लेखी घेतली आहे.